बाळंतिणीचे गाऱ्हाणे कोण ऐकतो?

डॉक्टरच्या घरचे दुखणे नेहमी उशिरा ओळखले जाते, असे आपण आपापसांत थट्टेने म्हणतो. ही थट्टा काही वर्षांपूर्वी माझ्याच घरी खरी ठरली. त्या अनुभवातून जे विचार मनात आले ते आपल्या स्मरणिकेच्या पानांवर मांडावेत, असे बरेच दिवस वाटत होते. जिच्याविषयी लिहीत आहे तिची संमती घेतली आहे; नाव मात्र मुद्दाम देत नाही.

माझ्या थोरल्या बंधूंची मुलगी दुसऱ्या बाळंतपणासाठी पुण्याहून धारवाडला माहेरी आली होती. पहिला मुलगा चार वर्षांचा. प्रसूती सुखरूप झाली, मुलगी झाली, घर आनंदात होते. दिवस वैशाखातले. वहिनींनी बाळंतखोलीची सगळी व्यवस्था परंपरेप्रमाणे ठेवली होती. शेकशेगडी, कानाला बांधलेला रुमाल, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा असे सारे होते आणि पाणी मात्र मोजून मापून. कानडीत जिला 'बाणंती' म्हणतात आणि मराठीत 'बाळंतीण', तिने पाणी कमी प्यावे याविषयी शेजारच्या कानडी आजी आणि आमच्या घरातील मराठी वडीलधाऱ्या यांचे पूर्ण एकमत होते. मी रोज संध्याकाळी तिथे जात असे. मी फिजिशियन असूनही त्या पाण्याविषयी एक शब्द बोललो नाही. बाळंतखोलीत पुरुषाने बोलायचे नसते, हा संस्कार माझ्या वैद्यकीय शिक्षणापेक्षा जुना होता.

नवव्या दिवशी ती म्हणाली, "काका, डोकं फार दुखतंय. आडवी झाले की जास्तच ठणकतं." मी म्हणालो, "बाळ रात्री झोपू देत नाही, दुसरं काय! पॅरासिटामॉल घे." दहाव्या दिवशी तिने पुन्हा तेच सांगितले. 'पहिल्या वेळी असे नव्हते', असेही म्हणाली. घरात बारशाची तयारी चालली होती. तिच्या बोलण्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. अकराव्या दिवशी पहाटे तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शुद्ध हरपत चालली.

धारवाडहून हुबळी अवघी वीस किलोमीटर. त्या पहाटे ते अंतर संपता संपेना. तपासणीत निदान झाले ते मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झाल्याचे. गर्भारपणात आणि प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गाने केलेली ती तरतूद आहे. तिच्यात शरीरातील पाण्याची कमतरता, ताप किंवा जंतुसंसर्ग यांची भर पडली की हीच तरतूद जिवावर उठू शकते. आपल्या देशात बाळंतिणींमध्ये हा आजार विशेष आढळतो, हे मी विद्यार्थिदशेत वाचले होते, परीक्षेत लिहिले होते. पुतणी समोर बसून त्याचे पहिले लक्षण सांगत होती, तेव्हा मात्र ते मला आठवले नाही.

नऊ दिवस ती अतिदक्षता विभागात होती. मेंदूत थोडा रक्तस्रावही दिसत होता आणि तरीही डॉक्टरांनी हेपरिन सुरू करण्याचा निर्णय घेतला. घरचे हादरले. "आधीच रक्त वाहिलंय आणि वर रक्त पातळ करण्याचं औषध?" वहिनींचा हा प्रश्न अगदी स्वाभाविक होता. तेथील तरुण न्यूरॉलॉजिस्टनी एका कागदावर चित्र काढले. नळाचे तोंड तुंबले की पाणी मागे साचते आणि सांध्यांतून झिरपू लागते. तेव्हा झिरपणे थांबवायचे तर तुंबलेले तोंडच मोकळे केले पाहिजे, इतक्या सोप्या शब्दांत त्यांनी समजावले. वहिनी शांत झाल्या. मी मात्र बाहेर जाऊन तीन मित्रांना फोन केले, मुंबईचे मत मागवले, दर दोन तासांनी केसपेपर चाळू लागलो. तिसऱ्या दिवशी त्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नम्रपणे विचारले, "सर, आपण इथे तिचे डॉक्टर आहात की काका?" तो प्रश्न मला लागला, पण त्यानेच मला भानावर आणले.

त्या दिवसापासून घरच्या सर्वांनी एक शिस्त ठरवली. डॉक्टरांशी एकाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दिवसातून दोनदाच बोलायचे. जे सांगितले ते वहीत टिपायचे आणि संध्याकाळी सर्वांना वाचून दाखवायचे. पुणे, बेळगाव, कोल्हापूर येथून येणारे फोन दुसऱ्याने घ्यायचे. मी फक्त काका व्हायचे, म्हणजे चार वर्षांच्या नातवाजवळ बसायचे. हे काम सर्वांत सोपे असेल असे वाटले होते. ते सर्वांत कठीण निघाले. 'आई गावाला गेली' असे त्याला सांगण्यात आले होते. आई आपल्याला न सांगता, नव्या बाळालाही टाकून गावाला गेली, याचा अर्थ त्या जिवाने काय लावला असेल? तो जेवेना, बोलेना. शेवटी मी त्याला सांगितले, "आईच्या डोक्यात दुखतंय. दवाखान्यात डॉक्टर औषध देताहेत. ती झोपून असते म्हणून बोलत नाही. तू काही केलंस म्हणून ती गेलेली नाही." त्या रात्री तो दूधभात जेवला. मुलांना खोट्याने धीर मिळत नाही, त्यांच्या वयाला पेलेल एवढ्या खऱ्याने मिळतो, हे मला माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा त्या दूधभाताने अधिक पटवले.

तेथील एका ज्येष्ठ सिस्टरचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रुग्ण अर्धवट शुद्धीत असताना त्या दर काही तासांनी तिचे दूध काढून घेत. औषधे पाहून बालरोगतज्ज्ञांनी संमती दिली तेव्हा तेच दूध बाळाला मिळू लागले. "अक्का बरी होऊन घरी जाईल तेव्हा दूध आटलेलं नसावं," असे त्या कानडीत म्हणाल्या. घरचे सगळे ती जगेल का या चिंतेत असताना ती घरी गेल्यावरचा विचार त्या बाई करीत होत्या. धीर देणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे.

तिसऱ्या आठवड्यात ती घरी आली. उजव्या हातात शक्ती कमी होती; तीन महिन्यांनी बाळाच्या कुंचीची नाडी तिला स्वतः बांधता आली. हा आजार भयंकर असला तरी वेळेवर उपचार झाले तर आशा मोठी असते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 624 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे चार-पंचमांश रुग्ण पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे बरे झाल्याचे आढळले होते. परंतु त्या आशेचा रस्ता 'वेळेवर' या एका शब्दावरून जातो, आणि ती वेळ बहुधा घरात, बाळंतखोलीतच, हातची निसटते.

म्हणूनच माझे पहिले मत असे आहे की बाळंतिणीचे गाऱ्हाणे हे लक्षण समजून ऐकावे, कुरकुर समजून नव्हे. हा दोष केवळ आपल्या जुन्या घरांचा नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिला सप्टेंबर 2017 मध्ये मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिला श्वास लागू लागला. पूर्वी फुप्फुसात गुठळ्या झालेल्या असल्यामुळे तिने स्वतःच सी. टी. स्कॅन आणि हेपरिन यांची मागणी केली. औषधांमुळे तिचा गोंधळ होत असावा, असे परिचारिकेला वाटले. आधी पायांची सोनोग्राफी झाली आणि त्यानंतर स्कॅनमध्ये फुप्फुसातील गुठळ्या दिसल्या. जगप्रसिद्ध स्त्रीची ही कथा, तर वैशाखात कानाला रुमाल बांधून बसलेल्या आपल्या लेकीसुनांची काय असेल?

आपल्या इतिहासातही हे दुःख जुने आहे. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहाच दिवसांत गेले, आणि वैद्यकीय मदतीच्या अभावाचे ते शल्य त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन गेले. 1886 मध्ये पदवी मिळवताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्राचाच. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळले असता पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. 1952 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि ते पुन्हा गाऊ लागले. त्याच भानुमतीबाई 1961 मध्ये दुसऱ्या मुलाच्या बाळंतपणात गेल्या. घराला मृत्यूच्या दारातून परत आणणारी स्त्री स्वतः बाळंतपणात जाते, ही हकीकत ऐकून आपण हळहळतो. पण ती एकट्या त्या घराची नाही.

परिस्थिती सुधारली आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2004-06 या काळात कर्नाटकात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 213 मातांचे मृत्यू होत. 2018-20 मध्ये ते प्रमाण 69 वर आले. महाराष्ट्रात याच काळात ते 130 वरून 33 वर आले. या सुधारणेत आपल्या शेजारचाही वाटा आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. कोडकणी, डॉ. गौडर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी ग्रामीण बेळगावातील 1620 स्त्रियांवर अभ्यास केला. सहायक परिचारिकांनी दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर येते, हे त्यांनी 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. मोठ्या यंत्रांनी नव्हे, तर गावातल्या परिचारिकेच्या हातातील गोळीने हे साधले, ही गोष्ट आपण विसरू नये.

दुसरे मत असे की मृत्यूंची मोजणी झाली म्हणजे काम संपले नाही. मरणाच्या दारातून परतलेल्या मातेचा विचार जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये निश्चित व्याख्येत बांधला. गर्भारपणात, प्रसूतीत किंवा त्यानंतरच्या 42 दिवसांत जी जवळजवळ दगावली होती पण वाचली, ती स्त्री. भारत सरकारनेही 2014 मध्ये अशा प्रसंगांच्या पुनरावलोकनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. हे 42 दिवस आणि आपल्या परंपरेतील सव्वा महिना यांत फारसे अंतर नाही. या काळात स्त्रीला जपले पाहिजे, हे आपल्या आजींना पक्के ठाऊक होते. विश्रांती, चौरस आहार, मायेचे माणूस हे सारे त्यांनी दिले, ते ठेवावे. पाणी तोडण्याची चूक मात्र सोडावी. स्तनपान करणाऱ्या आईला तहानेप्रमाणे भरपूर पाणी हवे, उन्हाळ्यात तर अधिकच. परंपरेला हसणाऱ्या डॉक्टरचे घर ऐकत नाही. तिच्यातले चांगले आधी मान्य करणाऱ्याचे ऐकते.

तिसरे मत, बरे होणे हे डिस्चार्ज कार्डावर संपत नाही. आमच्या मुलीला पुढे काही महिने गुठळीविरोधी गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या घेऊनही अंगावर पाजता येते, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या मात्र यापुढे टाळायच्या, पुढे पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत हा आजार सांगायचा, हे सर्व लिहून देणे आवश्यक असते. त्याहून अवघड होते ते मनाचे. घरी आल्यावर ती रात्री दिवा मालवू देत नसे. 'मी झोपले तर उठणार नाही' ही भीती तिने दोन महिन्यांनी सांगितली, तीही नवऱ्याला. आणि नवऱ्याची झोप उडाली होती हे आम्हाला त्याहून उशिरा कळले. 'वाचलीस ना, आता आनंदात राहा' असे आम्ही तिला येता-जाता सांगत होतो. ते ऐकून ती अधिकच गप्प होई. मानसोपचाराची मदत घेतली आणि फरक पडला. 1845 पासून मनोरुग्णांची सेवा करणारी संस्था, आजची 'डिमहान्स', ज्या धारवाडात आहे त्या गावातील सुशिक्षित घरांनी तरी मनाच्या आजाराची लाज बाळगू नये.

शेवटी आपल्या संघाला एक विनंती. एका पानाचे पत्रक मराठीत आणि कानडीत छापावे आणि आपल्यापैकी प्रत्येकाने ते गर्भवतीच्या आईच्या आणि सासूच्या हाती द्यावे. वाढत जाणारी डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, झटका, दम लागणे, छातीत दुखणे, एका पायाला सूज, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, झोप उडणे किंवा असंबद्ध बोलणे. यांपैकी काहीही सव्वा महिन्यात दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, एवढेच त्यात असावे. आणि वर्षातून एकदा आपल्या सभेत मरणाच्या दारातून परतलेल्या मातांच्या केसेसवर, कोणालाही दोष न देता, मोकळी चर्चा व्हावी. पहिली केस मी मांडीन. तीत चुकलेला डॉक्टर कोण, हे मला शोधावे लागणार नाही.

आमच्या नातीचे बारसे अडीच महिन्यांनी झाले. पाळण्याजवळ तिची आई बसली होती आणि तिच्या शेजारी वहिनींनी स्वतःच्या हाताने पाण्याने भरलेला तांब्या ठेवला होता.