कवडशातले पाहुणे

कवडसा हा मराठीतला मोठा गोड शब्द. त्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे कण न्याहाळण्यात कोणाचे बालपण गेले नाही? परंतु त्या कणांत हल्ली काही नवे पाहुणे मिसळले आहेत. पॅरिसच्या संशोधकांनी २०१७ साली त्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. घरातल्या दर घनमीटर हवेत त्यांना १ ते ६० तंतू आढळले. बाहेरच्या हवेत अवघे ०.३ ते १.५! घरातल्या तंतूंपैकी सुमारे दोनतृतीयांश कापूस-लोकरीसारखे नैसर्गिक होते. उरलेले प्लॅस्टिकच्या जातीचे.

हे येतात कुठून? पॉलिएस्टर १९४१ साली इंग्लंडात जन्मले आणि इस्त्रीची कटकट नाही म्हणून घरोघर मानाने नांदू लागले. साडी झटकली, गालिचा झाडला की त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात. कापसाचा तंतू मातीत कुजतो. हा कुजत नाही, बारीक मात्र होत जातो. २०२२ साली इंग्लंडात जिवंत माणसांच्या फुप्फुसांचे १३ नमुने तपासले, त्यांतल्या ११ नमुन्यांत प्लॅस्टिक निघाले.

आमचा परभणी जिल्हा कापसाचा. हंगामात मानवत-सेलूकडे कापसाच्या गाड्या निघतात आणि गाडीवानाच्या अंगात असतो पॉलिएस्टरचा सदरा! त्याला नावे ठेवू नयेत. तो सदरा स्वस्त पडतो, रात्री धुतला की सकाळी वाळतो. शिवाय कापूसही अगदीच निरुपद्रवी नव्हे. सूतगिरणीत वर्षे काढलेल्यांच्या छातीला त्याची धूळ बाधते.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. शिंदीच्या पानांच्या त्या केरसुणीच्या जागी पुष्कळ घरांत आता प्लॅस्टिकचा झाडू आला आहे. म्हणजे केर काढणाराच केर घालू लागला!

शेजारच्या आजींना मी हे सारे पुराण ऐकवले. त्या म्हणाल्या, "सर, पाणी शिंपडल्याबिगर आमी आंगण झाडतच नव्हतो. कोरडं झाडलं की धूळ नाकात जाती, हे काय पुस्तकात बघाया लागतं?"

आजींचे खरे आहे. तेव्हा वाचकहो, यंदा साफसफाई करताना खिडक्या सताड उघडा, झटकण्याऐवजी ओले फडके फिरवा, आणि निघालेला प्लॅस्टिकचा कचरा अंगणात पेटवू नका. घरात रांगते मूल असेल तर हे अधिकच सांभाळा. आपण उडवलेली धूळ जिथे खाली बसते, तिथेच त्याचे नाक असते.