तात्पर्याचा जुलूम

लहान मुलाचें चित्रांचें पुस्तक हातीं आलें, कीं आमच्याकडील सुशिक्षित गृहस्थ प्रथम त्याचें शेवटचें पान उघडतो. तेथें बोध छापलेला असला तर ठीक, नसला तर कपाळास आठ्या घालून तो विचारतो, “पण यांतून मुलानें घ्यावयाचें काय?” मग तो पानें मोजतो, पानांवरील ओळी मोजतो, आणि किंमत पाहून पुस्तक होतें तेथें ठेवून देतो. तेवढ्याच पैशांत शेजारीं शंभर नीतिकथांचा जाडजूड ग्रंथ मिळत असतो. तो काखेस मारून स्वारी घरीं परतते. दुकानांतील हा प्रसंग आम्हीं इतक्या वेळां पाहिला आहे, कीं आतां गप्प बसवत नाहीं.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापच्या गोष्टी मराठींत आणल्या, हे त्यांचे आपल्यावर मोठेच उपकार आहेत. परंतु गोष्टीच्या शेपटीस बांधलेलें तात्पर्य आपण असें कांहीं कवटाळून बसलों, कीं गोष्ट संपली तरी मुलाची सुटका होत नाहीं. मोडीहून सोप्या लिपीस ज्या भाषेनें ‘बाळबोध’ हें नांव दिलें, तिच्यांत बाळास बोधावांचून दुसरें कांहीं द्यावें हें कोणास सुचूं नये, यांत नवल तें काय!

कांहीं जाणते लोक निराळाच आक्षेप घेतात, आणि तो हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. आजीच्या गोष्टींतला राक्षस ज्याच्या त्याच्या मनांत वेगळा असे. छापील चित्रानें तो सर्वांचा एकच करून टाकला आणि कल्पनेस कुंपण घातलें, असें ते म्हणतात. जें चित्र शब्दाची केवळ नक्कल करतें, त्याच्यापुरतें हें आम्हांस मान्य आहे. उतरत्या छपराचें एक घर काढून खालीं ‘घर’ असें लिहिलें, म्हणजे मुलास नवें काय दाखविलें? अशा चित्रांवर वाढलेल्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या उघडून पाहाव्या. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी आणि नारळाचें झाड! ज्यानें समुद्र कधीं पाहिला नाहीं असें सोलापूरकडचें मूलही हेंच काढतें, आणि शाबासकीही त्यालाच मिळते. त्याच्या गल्लींतील पत्र्याचीं घरें, पाण्याचा टँकर, लिंबाखालीं बांधलेली शेळी यांतलें कांहींच कागदावर उतरत नाहीं. तें ‘चित्रांतलें’ नव्हे, असें त्यास न सांगतां शिकविलें गेलें आहे.

परंतु नक्कल करणें हा चित्रपुस्तकाचा धर्मच नव्हे. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचें ‘रोझीज वॉक’ हें १९६८ सालचें पुस्तक घ्या. शब्द अवघे बत्तीस, आणि तेही सारे मिळून एक वाक्य. रोझी नांवाची कोंबडी वाडींतून फेरफटका मारून जेवणाच्या वेळेस परत येते, एवढेंच तें वाक्य सांगतें. चित्रांत मात्र तिच्या पाठीमागें एक कोल्हा आहे! तो झेप घेतो, तों दांताळ्याचा दांडा त्याच्या नाकावर बसतो. पुन्हां झेपावतो, तों तळ्यांत पडतो. पुढें अंगावर पीठ सांडतें, आणि शेवटीं मधमाश्या पाठीस लागतात. शब्दांत त्या कोल्ह्याचा उल्लेख एकदांही नाहीं. वाचणाऱ्या बापाची नजर ओळीवर असते, मुलाची कोल्ह्यावर. मूल ओरडतें, “अहो बाबा, तो बघा!” मोठ्यांनीं न सांगितलेली गोष्ट त्या घरांत प्रथमच त्याला आधीं कळलेली असते; आणि आतां कोल्हा काय करील, हें पान उलटण्यापूर्वीं त्याचें त्यालाच ताडावें लागतें. शब्द आणि चित्र यांच्यामधील त्या फटींतच कल्पनेला पाय ठेवावयास जागा सांपडते. त्या पुस्तकाच्या शेवटीं ‘दुष्टाची नेहमी फजिती होते’ एवढी एक ओळ घाला, कीं फट बुजलीच.

मॉरिस सेंडॅक या अमेरिकन चित्रकाराच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या १९६३ सालच्या पुस्तकांत तर चित्र शब्दाला पानाबाहेरच काढतें. शिक्षा म्हणून उपाशीं खोलींत धाडलेल्या मॅक्सच्या भोंवतीं अरण्य उगवूं लागतें, तसतशीं चित्रें पानागणिक वाढत जातात, आणि अक्राळविक्राळ प्राण्यांचा धिंगाणा सुरू झाला म्हणजे तीन जोडपानें एकही शब्द राहत नाहीं. ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञानें १९६९ सालीं एका स्त्रियांच्या मासिकांत या पुस्तकावर कडक टीका केली. उपाशीं ठेवल्याच्या कल्पनेनें मूल घाबरेल, असें त्याचें म्हणणें. गंमत अशी, कीं त्यानें पुस्तक पाहिलेंच नव्हतें. आयांकडून ऐकलें होतें. मॅक्स परत येतो तेव्हां जेवण त्याची वाट पाहत असतें, आणि तेंही गरम, हें त्यास पाहिल्यावर समजलें असतें. आमच्या गृहस्थानें निदान शेवटचें पान तरी उघडलें होतें!

हें सारें परदेशांतलें, आपल्याकडे असें कोण करतो, ही सबबही चालावयाची नाहीं. माधुरी पुरंदरे यांनीं स्वतः लिहून स्वतः चित्रें काढलेलें ‘राधाचं घर’ मराठींत आहे. ज्यांत वाचावयाचें तें चित्रच, असें ‘चित्रवाचन’ही त्यांनीं दिलें आहे. किंमतीची तक्रार खरी आहे, नाहीं असें नाहीं; रंगीत छपाई महाग पडते. पण २००४ सालीं स्थापन झालेल्या ‘प्रथम बुक्स’नें स्वस्त पुस्तकें काढलीं, आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रकथा मराठींतही विनामूल्य वाचावयास ठेवल्या. तेव्हां अडचण सर्वस्वीं पैशाचीच आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. शाळेसाठीं पुस्तकें निवडावयास बसणारे आणि दुकानांत पानें मोजणारे हे एकाच शाळेंत शिकलेले असतात.

त्या गृहस्थांस आमची एवढीच विनंती, कीं पुस्तक घ्यावयाचें नसेल तर न घ्यावें. परंतु परत ठेवण्यापूर्वीं तें पांच मिनिटें बरोबरच्या मुलाच्या हातीं द्यावें, आणि कोल्हा कोठें आहे तें त्यालाच विचारावें.