बचावपटूचं नाव छापायला जागा नव्हती?

मा. संपादक,


फ्लोरिडा पँथर्सनी सलग दुसऱ्यांदा स्टॅन्ली करंडक जिंकला म्हणून मागच्या अंकात आपण चार पानं दिलीत. मराठी अंकात आइस हॉकीला चार पानं, याचा आनंद झाला आणि चौथं पान संपेपर्यंत तो पार मावळला. मॅथ्यू टकाचकला कॅल्गरीहून कसं आणलं ते आलं. गोलरक्षक बोब्रॉव्स्कीवर केलेला खर्च शेवटी कसा वसूल झाला ते आलं. बार्कोव्हचं नेतृत्व आलं, सॅम बेनेटची कॉन स्माइथ ट्रॉफी आली. बचावपटू गुस्ताव्ह फॉर्सलिंगचं नाव मात्र एकदाही आलं नाही. तिसऱ्या पानावरच्या छायाचित्रात तो करंडकाला हात लावून उभा आहे आणि खाली ओळ आहे, 'बार्कोव्ह एका सहकाऱ्यासह'. ती ओळ वाचून हे पत्र लिहायला बसलो.

या सहकाऱ्याचा एकच आकडा सांगतो. अधिक ५६. २०२३-२४च्या साखळी मोसमात फॉर्सलिंग बर्फावर असताना पँथर्सनी जितके गोल केले, ते खाल्लेल्या गोलांपेक्षा ५६नं जास्त होते. त्या मोसमात संपूर्ण एनएचएल लीगमध्ये एकाही खेळाडूचा हा फरक, म्हणजे प्लस-मायनस, याहून चांगला नव्हता, आघाडीवीरांचाही नाही. आणि समोरचा संघ एका खेळाडूनं कमी असताना, पॉवर प्लेवर केलेले गोल या हिशोबात धरतच नाहीत. पॉवर प्लेवर उभं राहून आकडे फुगवण्याची इथे सोय नाही.

त्याच मोसमाच्या सर्वोत्तम बचावपटूच्या नॉरिस ट्रॉफीसाठी अंतिम तिघांत कोण होते? क्विन ह्यूज, रोमन योसी आणि केल मकार. तिघेही थोर खेळाडू, वाद नाही. ह्यूजनं ९२ गुण मिळवले आणि ट्रॉफी नेली. फॉर्सलिंगचे गुण ३९. म्हणजे लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरवताना त्यानं किती गोल केले आणि किती करवले हे मोजलं गेलं, किती होऊ दिले नाहीत हे नाही. त्याच्या आदल्या वर्षी तर कहर झाला होता. सॅन होजेच्या एरिक कार्लसनला १०१ गुणांसाठी नॉरिस मिळाली, आणि त्याचा प्लस-मायनस होता उणे २६. उणे २६ला ट्रॉफी आणि अधिक ५६ला पहिल्या तिघांतही जागा नाही! नॉरिस ही सर्वांगीण खेळासाठीची ट्रॉफी आहे असं तिच्या व्याख्येत म्हटलेलं आहे. मग बचावाचं अंग कुठे गेलं?

यावर जाणकारांचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे. प्लस-मायनस हा संघाचा आकडा, चांगल्या संघात कोणाचाही चांगला दिसतो, कार्लसन बिचारा वाईट संघात होता. पटत नाही. पँथर्सच्या त्याच संघात, त्याच बोब्रॉव्स्कीच्या पुढे खेळून दुसरा कोणी अधिक ५६पर्यंत का पोचला नाही? प्रतिस्पर्ध्यांची सर्वांत धोकादायक फळी उतरली की पँथर्सचे प्रशिक्षक पॉल मॉरिस कोणाला पाठवतात, हे सामना पाहणाऱ्या कोणालाही दिसतं. सोपी मिनिटं वाट्याला येणाऱ्यांतला हा खेळाडू नव्हे. लीगला तर हा आकडा इतका नकोसा झाला की त्यासाठी दिलं जाणारं वेगळं पारितोषिकच २००८नंतर बंद करून टाकलं.

आणि हा मुलगा आला कुठून? लिंकोपिंग या स्वीडिश शहरातून. २०१४च्या ड्राफ्टमध्ये व्हँकुव्हरनं त्याला पाचव्या फेरीत, १२६व्या क्रमांकावर निवडलं आणि वर्ष उलटायच्या आत शिकागोला देऊन टाकलं. शिकागोनं २०१९मध्ये कॅरोलायनाला दिलं. कॅरोलायनानं त्याला एनएचएलचा एकही सामना खेळवला नाही, शार्लटच्या दुय्यम संघात ठेवलं आणि जानेवारी २०२१मध्ये वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे ज्याला हवा त्यानं उचलावा. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. फ्लोरिडानं उचलला. बदल्यात ना खेळाडू द्यावा लागला, ना ड्राफ्टमधली निवड. तीन वर्षांनी, मार्च २०२४मध्ये, त्याच संघानं त्याच्याशी आठ वर्षांचा, ४ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. टकाचकचा सौदा चार परिच्छेद खातो आणि फुकट मिळालेल्या या बचावपटूला एक ओळ नाही, हा कसला न्याय? आणि कॅरोलायनाचं पुढे काय झालं? २०२३च्या ईस्टर्न कॉन्फरन्स अंतिम फेरीत फ्लोरिडानं त्यांना चारही सामन्यांत हरवलं, चारही वेळा एकाच गोलच्या फरकानं. २०२५मध्ये पुन्हा त्याच फेरीत ४-१नं हरवलं. ज्याला त्यांनी ठेवून घेतलं नाही तो दोन्ही वेळा समोर होता.

तरीही कोणाला गोलच हवे असतील तर १७ मे २०२४ आठवा. बॉस्टनविरुद्धच्या मालिकेचा बॉस्टनमधला सहावा सामना, १-१ बरोबरी, तिसऱ्या सत्राची दीड मिनिटं उरलेली. मालिका संपवणारा गोल फॉर्सलिंगचा. ती मालिका गेली असती तर पहिला करंडक आला असता का? पुढे एडमंटनविरुद्धच्या अंतिम मालिकेत कॉनर मॅकडेव्हिडसमोर बहुतेक वेळ फॉर्सलिंग आणि आरॉन एकब्लॅडची जोडी होती. मॅकडेव्हिडनं काही सामन्यांत धुमाकूळ घातला हे खरं. पण सातव्या सामन्यात, ज्यावर सगळं ठरणार होतं, त्याला एकही गुण मिळाला नाही आणि फ्लोरिडा २-१नं जिंकलं.

त्याचा खेळ डोळ्यांत भरत नाही असं म्हणतात. बघणाऱ्यानं पकच्या मागे डोळे फिरवले तर कसा भरणार? तो धडका देत फिरत नाही. प्रतिस्पर्धी निळी रेषा ओलांडतो तेव्हा फॉर्सलिंग मागे सरकत, अंतर राखत त्याला कडेच्या फळीकडे ढकलत नेतो. मधली जागा देत नाही आणि पास जिथून जाणार तिथे स्टिक आधीच टेकवलेली असते. पक हाती आला की उगाच फळीवर भिरकावून देत नाही, एका पासात बाहेर काढतो. गोलची संधी निर्माणच होत नाही. जी संधी आलीच नाही ती ठळक क्षणांच्या चित्रफितीत कशी दिसेल?

आघाडीवीर मागे येऊन बचाव करत असेल तर त्याच्यासाठी सेल्की ट्रॉफी आहे, १९७८पासून. बार्कोव्हला ती तीनदा मिळाली आणि तो तिला सर्वस्वी पात्र आहे. पण बचाव हेच ज्याचं काम, त्यानं ते २०२३-२४मध्ये लीगमध्ये सर्वांत चोख केलं तरी त्याच्यासाठी काही नव्हतं. रॉड लँगवेला केवळ बचावाच्या जोरावर १९८३ आणि १९८४मध्ये नॉरिस मिळाली होती. तेव्हा जे जमत होतं ते आता का जमू नये? आपण तर कबड्डी बघत वाढलेली माणसं. चढाईला गेलेल्याचा घोटा कोपऱ्यातल्या खेळाडूनं पकडला की अख्खं मैदान उभं राहतं. प्रो कबड्डीत उत्कृष्ट बचावपटूचा वेगळा सन्मान आहे. यू मुंबाकडून खेळलेला इराणचा फझल अत्राचली मुंबईकरांच्या तोंडी बसला तो पकडींमुळेच. आम्हा मराठी प्रेक्षकांना बचाव कळत नाही असं समजून कृपया लिहू नका.

हे सगळं केवळ एका लेखापुरतं असतं तर मी गप्प राहिलो असतो. गेल्याच महिन्यात इथल्या एका मराठी मंडळाच्या क्रीडादिनी मुलांची हॉकी झाली, बर्फाशिवाय, जिमखान्याच्या लाकडी फरशीवर. बक्षिसं तीन. सर्वाधिक गोल, सर्वोत्तम गोलरक्षक आणि सामनावीर, तोही गोल करणाराच. अंतिम सामन्यात मागे राहून समोरच्या संघाला अक्षरशः रोखून धरणारी एक अकरा वर्षांची मुलगी होती. तिच्या हाती सहभागाचं प्रमाणपत्र. आयोजकांना विचारलं तर उत्तर मिळालं, 'मोजणार कसं?' मोजायला एक कागद आणि एक स्वयंसेवक पुरतो. किती वेळा चेंडू काढून घेतला, किती पास अडवले, एवढं लिहून ठेवलं की झालं. गोल मोजायला माणूस मिळतो, हे मोजायला मिळत नाही. मग पुढच्या वर्षी सगळी मुलं पुढेच धावणार आणि पालक कडेला उभे राहून 'मागे कोणी का नाही?' म्हणून ओरडणार.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, पुढच्या अंकात त्या छायाचित्राची ओळ दुरुस्त करून छापावी: 'अलेक्झांडर बार्कोव्ह आणि गुस्ताव्ह फॉर्सलिंग'. दोन, नव्या मोसमाच्या आपल्या तक्त्यात गोल आणि साहाय्य यांच्या शेजारी प्लस-मायनसचा रकाना असावा. जागा नसेल तर त्या पानावरची जाहिरात दोन ओळींनी कमी करावी. आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांनी त्या मुलीचं बक्षीस अजूनही द्यावं. चषकाचा खर्च मी देईन.

आपला,
एक नियमित वाचक
ब्रॉवर्ड काउंटी, फ्लोरिडा