एकच पाय सुजला तर…

पायांवर मराठी भाषेचा मोठा लोभ. आपण पाय रोवतो, काढता घेतो, वडिलधाऱ्यांच्या पाया पडतो. बिचाऱ्या पोटरीची मात्र कोणी फारशी विचारपूस करीत नाही. वास्तविक तिचा मान मोठा. पायांतले रक्त हृदयाकडे चढविण्यास पोटरीचे स्नायू मोठा हातभार लावतात. माणूस तासन्‌तास हलला नाही, की रक्त रेंगाळते आणि एखादे वेळी खोल नीलेत त्याची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर प्राणावरच बेतते.

१९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असता लोक आश्रयस्थानांत कापडी आरामखुर्च्यांवर रात्री काढीत. बॉम्बचा ओरखडाही न लागलेली काही माणसे फुप्फुसातील गुठळीने दगावत आहेत, हे डॉ. कीथ सिम्प्सन यांच्या ध्यानात आले. खुर्चीची पुढची लाकडी दांडी पायांच्या शिरा दाबीत होती! त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. तेव्हापासून नव्हे, पण हे वाचल्यापासून मी उत्तरपत्रिका तपासताना तासातासाला उठून फेरी मारतो.

आपल्या घरांत अधिक जपावे ते बाळंतिणीला. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका वाढलेला असतो, आणि आपली माया तिला सव्वा महिना खाटेवरून उतरू देत नाही! डॉक्टरांची ना नसेल, तर तिला लवकर हिंडूफिरू द्यावे. शस्त्रक्रिया झालेल्यांचे, प्लास्टरमध्ये पाय असलेल्यांचे आणि कर्करोग्यांचेही असेच. संततिनियमनाच्या काही गोळ्यांनीही धोका वाढतो.

खूण अशी : एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, कातडीचा रंग बदलतो. असे दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सोनोग्राफीने बहुधा उलगडा होतो आणि गुठळी वाढू न देणारी औषधे आहेत. ती मनाने मात्र घेऊ नयेत. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर तडक रुग्णालय.

दिवाळीला गावी जाताना एस.टी. थांबली, की उतरून चार पावले चालावे. बसल्या जागी टाचा वरखाली कराव्यात, पाणी प्यावे. आणि पहिल्या अंघोळीला तेल अवश्य लावा. पण एकच पाय सुजून दुखत असेल, तर आजीने कितीही आग्रह केला तरी डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज तो चोळू देऊ नका.