ऑपरेशन डोळ्याचं, उपास पोटाला

पावसाळा सरला की आपल्याकडे मोतीबिंदू शिबिरांचे बॅनर लागतात. मोफत तपासणी, मोफत ऑपरेशन, न्यायला-आणायला गाडी. त्याबद्दल तक्रार नाही. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यामुळे लाखो म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसायला लागलं, हे मान्यच.

माझा मुद्दा घरी आल्यानंतरचा आहे. आजीला काळा चष्मा लावून दारात सोडलं की शेजारपाजारचं पथ्य सुरू होतं. डाळ नको, पू धरतो. आंबट नको. वांगं वातूळ. अंडं-मटणाचं तर नावच नको. भाकरी चावली तर टाके तुटतील (टाके बहुतेकदा नसतातच!). राहिलं काय? मऊ भात आणि चहा-बिस्किट. तेही सव्वा महिना.

हे पथ्य अगदीच हवेतून आलेलं नाही बरं का. पूर्वी बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्ध्या गोलाएवढी चीर द्यायचे, टाके घालायचे, पेशंटला कित्येक दिवस उताणं झोपवून ठेवायचे. तेव्हा चावायचं कमी आणि मऊ खायचं, यात अर्थ होता. आता चीर काही मिलिमीटरची असते आणि पेशंट त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी चालत घरी येतो. ऑपरेशन बदललं, पथ्य आजोबांच्या काळातलंच राहिलं.

डोळ्यात पू होतो तो जंतूंमुळे. न धुतलेले हात, ड्रॉपच्या बाटलीचं टोक डोळ्याला लागणं, पदराने डोळा पुसणं, अंघोळीचं पाणी आत जाणं, ही त्याची कारणं. वरणाचा त्यात काही संबंध नाही. पण खरं नुकसान पुढे होतं. डोळा लाल झाला, ठणकायला लागला, दिसणं कमी झालं की घरातले आधी विचारतात, "लोणचं खाल्लंस ना?" म्हातारी बिचारी ओशाळते, गप्प बसते. दोन दिवस पथ्य आणखी कडक करण्यात जातात. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, तासातासाने डोळा हातचा जात असतो. दोष ताटाला दिला की दवाखाना मागे पडतो, आणि वर ठपका पेशंटवरच.

शुगरवाल्यांचं तर विचारूच नका. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा, केळी, चिक्कू घेऊन येतो. शुगर वाढली की जखम भरायला वेळ आणि जंतूंना मोकळं रान. उलट काही जण जेवण निम्मं करून गोळी मात्र पूर्ण घेतात, आणि मग घाम फुटून चक्कर. भाजी-भाकरी बंद, पाणी कमी, की पोट साफ होत नाही. संडासला जोर काढणं हे या दिवसांत टाळायचं असतं, आणि पथ्य नेमकं तेच ओढवून घेतं.

खायचं काय? रोजचंच. वरण, उसळ, पालेभाजी, ताक, चालत असेल तर अंडं, मासे. किडनीचा किंवा दुसरा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. गाजराने मोतीबिंदू जात नाही, पण खायला हरकत नाही. तंबाखू-मिश्री मात्र खरंच बंद करा. त्या पथ्याबद्दल कोणी बोलत नाही.

अर्थात डाळ खा म्हणणं सोपं आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, पण ते गहू-तांदूळ. श्रावणबाळचे पंधराशे रुपये औषधपाण्यातच संपतात. म्हणून शिबिरवाल्यांना दोन गोष्टी मागायच्या आहेत. डिस्चार्ज कार्डावर मोठ्या मराठी अक्षरात छापा: "नेहमीचं जेवण घ्या. डोळा दुखला, लाल झाला, दिसेनासं झालं तर आजच या", आणि खाली फोन नंबर. आणि सत्काराच्या शालीऐवजी दोन किलो मूगडाळ द्या.

पुढच्या शिबिराच्या आयोजकांना हे लेखी देतोय. सोबत सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये नाव पाठवा.