विश्लेषण : सर्व्हर ‘थांबा’ म्हणतो तेव्हा ॲपने काय करावे?

१२ एप्रिल २०२५, शनिवार. भर दुपारी देशभरात यूपीआय व्यवहार अडकू लागले. दुकानात पैसे देणारे लोक मोबाइलवर फिरणाऱ्या चक्राकडे पाहत उभे राहिले. हा सायबर हल्ला असावा, अशी शंका अनेकांना आली. प्रत्यक्षात भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) तपासणीत वेगळेच कारण पुढे आले. ‘त्या व्यवहाराचे काय झाले?’ ही एकच विचारणा काही बँकांच्या यंत्रणा पुन्हा पुन्हा करत होत्या, अगदी जुन्या व्यवहारांसाठीही. प्रश्नांच्या त्या गर्दीखाली मुख्य यंत्रणा दबली.

उत्तर मिळाले नाही की पुन्हा विचारायचे, ही संगणकाची जुनी सवय आहे. क्लाऊडवरील डेटाबेस या सवयीला आवर घालण्यासाठी ‘थ्रॉटलिंग’चा वापर करतात. मात्र डेटाबेसने घातलेला लगाम ॲपला कळला नाही, तर छोटी अडचण मोठ्या खोळंब्यात बदलते. रोजचे पैसे, परीक्षेचे निकाल, रुग्णालयाची नोंदणी हे सारे मोबाइलवर आल्यानंतर हा प्रश्न केवळ प्रोग्रामरचा राहिलेला नाही.

थ्रॉटलिंग म्हणजे नेमके काय?

क्लाऊडमधील डेटाबेस हा सामाईक नळासारखा असतो. एकाच यंत्रसामग्रीवर अनेक ग्राहकांचे काम चालते. एकाने सगळे पाणी ओढले तर इतरांचे हंडे रिकामे राहतील. म्हणून प्रत्येकाला दर सेकंदाचा कोटा ठरवून दिलेला असतो. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये ४ किलोबाइटपर्यंतची नोंद तिच्या ताज्या स्वरूपात सेकंदाला एकदा वाचण्यासाठी वाचनाचे एक एकक लागते. १ किलोबाइटपर्यंतची नोंद सेकंदाला एकदा लिहिण्यासाठी लेखनाचे एक एकक लागते. मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉस डीबीमध्ये हाच हिशेब ‘रिक्वेस्ट युनिट’मध्ये होतो.

कोटा संपला की डेटाबेस विनंती न हाताळताच परत पाठवतो. कॉसमॉस डीबी अशा वेळी ४२९ हा संकेतांक देतो. ‘फार जास्त विनंत्या आल्या’ असा त्याचा अर्थ. किती मिलिसेकंदांनी पुन्हा यावे, हेही तो सोबत सांगतो. याचाच अर्थ, डेटाबेस बंद पडलेला नसतो आणि माहितीही हरवलेली नसते. ‘आता नको, थोड्या वेळाने या’ एवढाच तो निरोप असतो.

कोटा शिल्लक असतानाही त्रुटी का येते?

हा अनेक विकासकांना चक्रावून टाकणारा प्रकार. डेटाबेस मोठी माहिती एका जागी ठेवत नाही. ती अनेक कप्प्यांत विभागतो. त्यांना ‘पार्टिशन’ म्हणतात. डायनॅमोडीबीत एका पार्टिशनला सेकंदाला वाचनाची ३ हजार किंवा लेखनाची १ हजार एकके एवढीच मर्यादा आहे. संपूर्ण तक्त्याचा कोटा याहून कितीही मोठा असला, तरी सगळी गर्दी एकाच कप्प्यावर आली तर तिथे थ्रॉटलिंग होणारच.

समजा, दुपारी एक वाजता परीक्षेचा निकाल लागला आणि लाखो विद्यार्थी एकदम संकेतस्थळावर आले. नोंदी आसनक्रमांकानुसार विभागलेल्या असतील तर गर्दी आपोआप पांगते. त्या ‘निकालाची तारीख’ या एकाच किल्लीखाली ठेवल्या असतील, तर सगळे एकाच दारावर धडकतात. दहा खिडक्या असून रांग मात्र एकीसमोरच, असा हा प्रकार. इथे जादा कोटा विकत घेऊन उपयोग होत नाही, मांडणीच बदलावी लागते.

पुन्हा प्रयत्न करण्यात धोका काय?

एकदा प्रयत्न फसला तर दुसरा करावा, यात गैर काही नाही. धोका आहे तो गुणाकाराचा. मोबाइलवरील ॲप एका सेवेशी बोलते, ती सेवा दुसरीशी आणि दुसरी डेटाबेसशी. या तिन्ही थरांनी प्रत्येकी तीन प्रयत्न केले, तर वापरकर्त्याच्या एका स्पर्शामागे डेटाबेसवर २७ विनंत्या आदळू शकतात. पाच थर असतील तर हा आकडा २४३ वर जातो. आधीच दमलेल्या यंत्रणेवर भार वाढतो तो नेमका तिच्या सर्वात कठीण क्षणी.

याचे नोंदलेले उदाहरण २० सप्टेंबर २०१५ चे आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील केंद्रात डायनॅमोडीबीच्या जाळ्यात थोड्या वेळासाठी व्यत्यय आला. माहिती साठवणाऱ्या सर्व्हरांनी ‘आमच्याकडे कोणते कप्पे आहेत?’ असे अंतर्गत नोंदवहीला एकाच वेळी विचारले. उत्तर ठरलेल्या वेळेत आले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले, आणि विचारतच राहिले. ग्राहकांच्या विनंत्या फसण्याचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास गेले. नोंदवहीवर इतका ताण होता की तिची क्षमता वाढवण्याच्या सूचनाही तिच्यापर्यंत पोहोचेनात. अखेर अभियंत्यांनी नोंदवहीकडे जाणाऱ्या विनंत्याच काही काळ थांबवल्या. भार उतरला, क्षमता वाढवता आली आणि मग सेवा पूर्ववत झाली. मूळ व्यत्यय अल्पकाळाचा होता, पण पहाटे सव्वादोनच्या सुमारास सुरू झालेली अडचण निस्तरायला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील घड्याळात सकाळचे सात वाजून गेले.

मग योग्य पद्धत कोणती?

पहिला नियम, प्रत्येक अपयशानंतर आधीपेक्षा जास्त थांबायचे. एक दशांश सेकंद, मग दोन, मग चार, मग आठ. याला ‘एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ’ म्हणतात. या वाढीलाही कमाल मर्यादा हवी. डेटाबेसने स्वतःच वेळ सांगितली असेल तर ती पाळायची.

दुसरा नियम, सगळ्यांनी एकाच वेळी परतायचे नाही. हजार ॲप एकाच क्षणी अडकली आणि सगळी बरोबर चार दशांश सेकंदांनी परतली, तर तीच गर्दी पुन्हा उसळते. म्हणून थांबण्याच्या वेळेत मुद्दाम अनियमितता मिसळतात. तिला ‘जिटर’ म्हणतात. ही कल्पना क्लाऊडच्याही आधीची आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या अलोहानेट या रेडिओ जाळ्यात दोन संदेश एकमेकांवर आदळले, की प्रत्येक केंद्र आपापल्या मर्जीने कमी-जास्त थांबून संदेश पुन्हा पाठवत असे. पुढे इथरनेटने त्याला थांबण्याची कमाल वेळ दुप्पट करत जाण्याची जोड दिली.

तिसरा नियम, प्रयत्नांचे अंदाजपत्रक ठेवायचे. गुगलच्या अभियंत्यांनी मांडलेल्या पद्धतीत एका विनंतीसाठी कमाल तीन प्रयत्न आणि एकूण विनंत्यांत पुनर्प्रयत्नांचा वाटा १० टक्क्यांच्या आत, अशी दुहेरी मर्यादा आहे. शिवाय पुनर्प्रयत्न एकाच थराने करावेत. क्लाऊड कंपन्यांच्या तयार सॉफ्टवेअर संचांत ही सोय बहुधा असतेच. त्यावर विकासकाने आपले आणखी एक चक्र चढवले, की वरचा गुणाकार सुरू होतो.

प्रत्येक विनंती पुन्हा पाठवणे सुरक्षित आहे का?

नाही. थ्रॉटलिंगमध्ये काम सुरूच झालेले नसते, त्यामुळे ती विनंती पुन्हा पाठवता येते. पण ठरलेल्या वेळेत उत्तरच आले नाही, तर काम झाले की नाही हे कळत नाही. अशा वेळी ‘खात्यातून ५०० रुपये वजा करा’ ही आज्ञा पुन्हा पाठवली तर पैसे दोनदा जाऊ शकतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराला एक स्वतंत्र क्रमांक देणे आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काम न करता जुनेच उत्तर परत देणे.

याहून छुपा धोका गठ्ठ्याने लिहिण्यात आहे. डायनॅमोडीबीत एका खेपेत २५ पर्यंत नोंदी लिहिता येतात. त्यातल्या काहींना कोटा पुरला नाही तरी उत्तर यशाचेच येते; उरलेल्या नोंदींची यादी सोबत जोडलेली असते. ती यादी वाचून त्या नोंदी पुन्हा पाठवण्याची जबाबदारी ॲपची. ती पाळली नाही तर त्या नोंदी गुपचूप गळतात. पडद्यावर चूक दिसत नाही, आणि अर्जदाराला आपले नाव यादीत नसल्याचे महिन्यांनी समजते.

जास्त क्षमता विकत घेणे हा उपाय नाही का?

काही प्रमाणात आहे. क्षमता आपोआप वाढवण्याची सोय उपलब्ध आहे, मात्र ती तत्काळ होत नाही. वापरानुसार पैसे घेणाऱ्या डायनॅमोडीबीच्या योजनेतही अर्ध्या तासाच्या आत आधीच्या उच्चांकाच्या दुपटीहून अधिक गर्दी आली तर थ्रॉटलिंग होऊ शकते. निकालाच्या दिवशी गर्दी दुपटीने नव्हे, शेकडो पटींनी वाढते. तेव्हा आधीच क्षमता वाढवून ठेवणे, वारंवार वाचली जाणारी माहिती तात्पुरत्या साठ्यातून देणे आणि लिहिण्याची कामे रांगेत लावणे हे मार्ग उरतात. यातले प्रत्येक आधी आखावे लागते.

वापरकर्त्यांचा संबंध काय?

आपणही पुनर्प्रयत्न करणारेच असतो. पडदा गोठला की आपले बोट पुन्हा बटणाकडे जाते. त्याचा दोष आपल्याला देणे सोपे आहे. पण काय चालले आहे हे ॲप सांगत नसेल, तर माणूस दुसरे काय करणार? ‘काहीतरी चुकले’ हे वाक्य त्याला काहीच सांगत नाही. ‘गर्दी आहे, तुमची विनंती रांगेत आहे, बटण पुन्हा दाबू नका’ हे वाक्य त्याला धीर देते आणि डेटाबेसचा भारही कमी करते. हे वाक्य खरे असले पाहिजे, म्हणजे मागे खरोखर रांग असली पाहिजे.

एप्रिलच्या त्या घटनेनंतर एनपीसीआयने नेमके हेच पथ्य नियमांत आणले. व्यवहाराच्या स्थितीची पहिली विचारणा ९० सेकंदांनंतरच करायची आणि एकूण तीनदाच, असे बँकांना सांगण्यात आले. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासता येते. या मर्यादांवर काहींनी नाराजी व्यक्त केली. पण सामाईक नळावर कोटा नसेल तर शेवटच्या माणसाचा हंडा भरत नाही.

जे यूपीआयला करावे लागले, ते इतर सार्वजनिक सेवांनी खोळंब्याची वाट न पाहता करायला हवे. पोर्टल किती लोकांना एकाच वेळी सेवा देईल, हे निविदेत विचारले जाते. कोटा संपल्यावर ते कसे वागेल, हेही तिथेच विचारले पाहिजे. चाचणी अवघड नाही. डेटाबेसचा कोटा मुद्दाम निम्मा करायचा आणि तीन गोष्टी पाहायच्या : पुनर्प्रयत्न आटोक्यात राहतात का, एकही नोंद गळत नाही ना, आणि वापरकर्त्याला खरे कारण कळते का. या चाचणीत नापास झालेले ॲप जनतेसाठी खुले करू नये. ती परीक्षा आधी झाली नाही, तर निकालाच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या जिवावर होईल.