रमाबाईंना दिलासा कुठे मिळाला?

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्राने जेवढी शाई खर्च केली, त्याच्या चौथाईही त्यांच्या एकटेपणावर केली नाही. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेल्या भावासोबत त्या पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पण दोनच वर्षांत भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले. १८८२च्या फेब्रुवारीत त्यांना पटकीने नेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती आणि रमाबाईंचे वय होते तेवीस.

इतकी माणसे गमावलेली बाई पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहायला गेली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. दुःखी बाईला कोणीतरी जवळ केले, तिने धर्म बदलला, असा या गोष्टीचा सोपा अर्थ टीकाकारांनी लावला. गंमत म्हणजे भक्तांनीही तोच लावला, फक्त सूर वेगळा.

प्रत्यक्षात वाँटेजला दिलासा तयार मांडून ठेवलेला नव्हता. हिंदुस्थानातून सोबत आलेल्या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली. डॉक्टर व्हायचे स्वप्न वाढत्या बहिरेपणामुळे सोडावे लागले. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तर पत्रांतून वर्षानुवर्षे वाद झाले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, इथपासून एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या हाती का जायचे, इथपर्यंत. मांसाहार तर त्यांनी केलाच नाही.

त्यांचे मन हलले ते लंडनच्या फुलहॅम भागात. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना भगिनी तिथे आपल्या घरात ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करत. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातला शोमरोनी स्त्रीचा प्रसंग वाचून दाखवला गेला. विहिरीवर भरदुपारी एकटी पाणी भरायला आलेली बाई आणि तिच्याकडेच प्यायला पाणी मागणारा येशू. आधी माणसे दिसली, मग ग्रंथातले पान उलगडले, हा क्रम महत्त्वाचा आहे.

आणि तरीही शांती लगेच मिळाली नाही. पुढे लिहिलेल्या आत्मकथनात रमाबाई स्वच्छ सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो मिळायला सुमारे आठ वर्षे गेली. तोवर त्यांनी विधवांसाठी काढलेले ‘शारदा सदन’ सुरू होऊन मुंबईहून पुण्यालाही आले होते. धर्मांतर आणि सांत्वन या दोन गोष्टी आपण एकाच तारखेला उरकून टाकतो. रमाबाईंच्या आयुष्यात मात्र या दोहोंमध्ये एवढा काळ गेला.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा याच्या उलटी सुरू होते. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई नवरा जिवंत असताना एकट्या पडल्या. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढू लागल्या. त्यांच्यासाठी ख्रिस्ती धर्म आधी घाव होता. १९०० मध्ये त्यांनी स्वतः तो स्वीकारला, तोही कोणी समजूत घातली म्हणून नव्हे. सोवळ्याओवळ्याची गाठ मनात आपोआप सुटत गेली तेव्हा. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणारा हसतो जास्त, पण त्या हसण्याखाली त्या वर्षांचा एकटेपणा आहेच. श्रद्धा दिलासा देते असे म्हणताना तीच श्रद्धा घर दुभंगूही शकते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मग ख्रिस्ती श्रद्धेत खरोखर सांत्वनाचे असे काय आहे? या धर्माच्या ग्रंथात तक्रारीला जागा आहे, हे एक उत्तर. स्तोत्रसंहितेतली कितीतरी गीते रडगाऱ्हाणीच आहेत; अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एकही ओळ नाही. वधस्तंभावरचा येशूही देवाने आपल्याला का टाकले, असे विचारतो. दुखावलेल्या माणसाला ‘गप्प बस, देवाची इच्छा’ असे सांगणाऱ्यांपेक्षा हा ग्रंथ अधिक मोकळा आहे.

बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सांत्वनाला आले, तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर. आजच्या काही प्रार्थनासभांत ही चूक सर्रास दिसते. नैराश्याने ग्रासलेल्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणून सांगायचे, चमत्काराने बरे करण्याची जाहिरात करायची आणि गोळ्या बंद करायला लावायच्या, याला सांत्वन म्हणत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगणारा पाळक विश्वासात तसूभरही कमी नसतो.

रमाबाईंनी आपल्या दुःखाचे काय केले, हे पुण्याजवळच्या केडगावला पाहता येते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनाथ मुली आणि विधवा आणल्या, त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ उभे केले, शेती केली, छापखाना घातला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेला मराठी बायबलचा अनुवाद तिथल्याच बायकांनी छापला. १९२१च्या जुलैत मनोरमाही गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत आणि त्या महिन्यांतही बायबलचे काम चालूच होते.

आज महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत एखाद्याच्या घरी मृत्यू झाला की पहिले काही दिवस डबे येतात, प्रार्थना होतात, गायन होते. ही रीत चांगलीच आहे आणि शहरातल्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये तिचे मोल जास्तच. अडचण पुढे येते. स्मरणविधी पार पडला की माणसे पांगतात. एकटी बाई, घटस्फोटित पुरुष, मुले परदेशी गेलेले वृद्ध मागच्या बाकावर येऊन बसतात आणि उपासना संपताच निघून जातात. मंडळीच्या कमिटीने इमारतीच्या रंगासाठी वर्गणीची वही ठेवावी, हरकत नाही. तिच्याच मागच्या पानांवर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी कोणाच्या घरी जायचे आहे, ती नावेही लिहावीत.